एकमजली पोर्टल फ्रेम: मोमेंट, शिअर आणि ॲक्सियल हाताने कसे काढायचे

पोर्टल फ्रेम म्हणजे दोन कॉलम आणि त्यांना वर कडक जोडलेला एक बीम. तिच्यातला कुठलाही बीम किंवा कॉलम मनातल्या मनात कापला, की कापलेल्या तोंडावर तीन गोष्टी सापडतात: मेंबरच्या लांबीच्या दिशेने दाबणारं किंवा ओढणारं ॲक्सियल बल, आडवं कातरणारा शिअर आणि वाकवणारा मोमेंट. ॲनालिसिस म्हणजे ठिकठिकाणचे हे तीन आकडे काढणं, आणि मोमेंटच्या बाबतीत मेंबरची कुठली बाजू ताणात आहे तेही सांगणं. स्टॅड किंवा ईटॅब्ससारखं सॉफ्टवेअर हे काम चुटकीसरशी करतं. पण कॉलमच्या पायाशी रोलर (आडवं सरकूही देणारा, फिरूही देणारा), हिंज (फक्त फिरू देणारा) की फिक्स (सरकूही न देणारा, फिरूही न देणारा) हे आपणच सांगायचं असतं, आणि आकड्यांची सगळ्यात मोठी उलथापालथ तिथेच होते. म्हणून इथे एकच फ्रेम आणि एकच लोड घेऊन तिन्ही सपोर्टवर हिशोब केला आहे. कागद, पेन्सिल आणि साधा कॅल्क्युलेटर पुरतो.

फ्रेम आणि तिच्यावरचं लोड

पुण्यात बंगल्याच्या आवारात गाडीसाठी किंवा सोसायटीच्या ऑफिससाठी एकमजली आरसीसी बांधकाम करतात, वर कोबा केलेली गच्ची, तसलंच काहीतरी डोळ्यांपुढे आणा. फ्रेम २.७५ मीटरवर एकेक. बीमचा स्पॅन कॉलमच्या मध्यापासून मध्यापर्यंत ६ मीटर. उंची फुटिंगच्या माथ्यापासून बीमच्या मध्यापर्यंत ४ मीटर. बीम आणि कॉलम दोन्ही २३० × ४५० मिमी, आणि कॉलमची ४५० ची बाजू फ्रेमच्या प्रतलात. हे शेवटचं वाक्य ड्रॉइंगवर नीट पाहा. साइटवर कॉलम नव्वद अंशांत फिरला, तर त्या दिशेने त्याचा आय (मोमेंट ऑफ इनर्शिया, वाकण्याला सेक्शन किती विरोध करतो तो आकडा) जवळपास चौथा हिस्सा उरतो आणि खालचे सगळे आकडे बाद होतात.

डावा पाया अ, डावा कोपरा ब, उजवा कोपरा क, उजवा पाया ड.

लोड खालून वर नाही, वरून खाली मोजायचं. १२५ मिमी स्लॅबचं वजन ०.१२५ × २५ (आरसीसीच्या घनमीटरचं वजन) = ३.१२५ केएन (किलोन्यूटन) प्रति चौरस मीटर. ब्रिकबॅट कोबा आणि खालचं प्लास्टर मिळून २.०. कोब्याची सरासरी जाडी उताराप्रमाणे बदलते, त्यामुळे हा आकडा प्रत्येक गच्चीला वेगळा. जिना असलेल्या, वावर असलेल्या गच्चीवर लोडचं भारतीय मानक आयएस ८७५ भाग २ याप्रमाणे लाइव्ह लोड (वावराचं, न टिकणारं वजन) १.५. बेरीज ६.६२५. स्लॅबच्या बाजूंचं गुणोत्तर ६ भागिले २.७५, म्हणजे दोनाहून जास्त, तेव्हा स्लॅब वन-वे (लोड आखूड दिशेनेच नेणारा) आणि फ्रेमवर २.७५ मीटरचा पट्टा: ६.६२५ × २.७५ = १८.२२. बीमचा स्लॅबखालचा भाग ०.२३ × ०.३२५ × २५ = १.८७. एकूण २०.०९, आपण २० केएन प्रति मीटर धरू. त्यात डेड लोड १६ आणि लाइव्ह ४. कडेच्या फ्रेमवर पट्टा निम्मा होतो, पण पॅरापेटचं वजन वाढतं. ते वेगळं मोजायचं.

आता आडवं लोड. भूकंपाचं मानक आयएस १८९३, त्याच्या २०१६ च्या आवृत्तीत पुणे झोन ३ मध्ये आहे, झोनचा गुणक झेड ०.१६. डक्टाइल डिटेलिंग (न तुटता वाकेल अशी सळईची मांडणी) केलेली फ्रेम धरून बल कमी करणारा भाजक आर ५, इम्पॉर्टन्स १ आणि बुटक्या इमारतीसाठी स्पेक्ट्रमचा माथा २.५ घेतला, तर गुणांक ०.०८ × २.५ ÷ ५ = ०.०४. एका फ्रेमवरचं डेड लोड ९६ केएन, कॉलमचा वरचा अर्धा भाग १० केएन. गच्चीवरचं लाइव्ह लोड भूकंपाच्या वजनात धरत नाहीत. १०६ × ०.०४ म्हणजे साधारण ४.२ केएन. वाऱ्यासाठी पुण्याचा मूळ वेग ३९ मीटर प्रति सेकंद आहे. बाकीचे गुणक १ धरले तर दाब ०.६ × ३९ × ३९, म्हणजे सुमारे ०.९१ केएन प्रति चौरस मीटर. दोन्ही मोजून जो जास्त भरेल तो डिझाइनला घ्यायचा. या उदाहरणात मात्र ब पाशी उजवीकडे ढकलणारे १२ केएन घेतले आहेत, कारण ४ केएनचा परिणाम आकृतीत दिसतच नाही. ठळक करून दाखवलेला आकडा आहे, तुमच्या कामात खरा घाला.

गणिताआधी वाकलेली फ्रेम काढा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग खुणांमध्ये अडकतात. फक्त २० केएन प्रति मीटर असताना बीम मधोमध खाली येतो, त्यामुळे ब आणि क हे कोपरे आत वळतात. जॉइंट कडक असल्याने काटकोन काटकोनच राहतो, म्हणून कॉलमची डोकी फिरतात आणि कॉलम बाहेरच्या बाजूला फुगतात. बीमच्या मध्यात खालचा फेस ताणात, कोपऱ्यांवर बाहेरचा. फक्त १२ केएन असताना सगळी फ्रेम उजवीकडे झुकते: ब ला आतली बाजू ताणात, क ला बाहेरची. म्हणजे ब ला दोन्ही लोड एकमेकांना कापतात, क ला एकमेकांत मिळतात. एकही आकडा न मांडता आपल्याला कळलं की वाईट कोपरा क आहे.

खुणेचा नियम एकच ठेवा: फ्रेमची आतली बाजू ताणात तर मोमेंट अधिक, बाहेरची ताणात तर उणे. "घड्याळाच्या दिशेने अधिक" हा नियम मोमेंट डिस्ट्रिब्युशनच्या तक्त्यात ठीक, पण सळई कुठल्या फेसला घालायची ते त्यातून समजत नाही. मोमेंटची आकृतीही ताणाच्या बाजूलाच काढा. आकृती जिकडे, सळई तिकडे.

पहिला हिशोब: अ ला हिंज, ड ला रोलर

अज्ञात रिॲक्शन (सपोर्टने उलट दिलेली बलं) तीन, समतोलाची समीकरणं तीन. आय, ई (इलॅस्टिक मॉड्युलस), काँक्रीटचा ग्रेड यातलं काहीच लागत नाही.

अ भोवती मोमेंट घेऊ. खाली येणारे २० × ६ = १२० केएन ३ मीटरवर, म्हणजे ३६०. आडवे १२ केएन ४ मीटर उंचीवर, ४८. दोन्ही फ्रेमला उजवीकडे लोळवतात. ड ची उभी रिॲक्शन ४०८ ÷ ६ = ६८, अ ची १२० − ६८ = ५२. आडवे १२ एकटा अ पेलतो, डावीकडे. ड रोलर असल्याने त्या कॉलममध्ये शिअर नाही, मोमेंटही नाही.

डावा कॉलम ब च्या जरा खाली कापा. खालच्या तुकड्यावर तळाशी १२ केएन डावीकडे, हात ४ मीटर: मोमेंट ४८. तुकड्याचं तळ डावीकडे ओढलं जातंय, म्हणजे उजवा, आतला फेस ताणात. म्हणून +४८. हाच मोमेंट कोपऱ्यातून वळून जसाच्या तसा बीममध्ये शिरतो, कारण ब ला बाहेरून कुणी मोमेंट लावलेला नाही. कोपऱ्यावर कॉलमचा आणि बीमचा मोमेंट वेगळा निघाला तर चूक तिथेच आहे, पुढे जाऊ नका.

बीममध्ये ब पासून अंतर मोजत गेलं तर शिअर ५२ पासून सुरू होतो आणि दर मीटरला २० ने उतरतो. ५२ ÷ २० = २.६ मीटरवर शून्य. जिथे शिअर शून्य, तिथे मोमेंटचं शिखर: ४८ + ५२ × २.६ − १० × २.६ × २.६ = ११५.६ केएन-मीटर. क ला तपासू: ४८ + ३१२ − ३६० = ०. ड रोलर आहे, शून्यच यायला हवं होतं. शिखर मधोमध नाही, ४० सेंटिमीटर डावीकडे आहे. मधोमध ११४ येतात, फरक किरकोळ, पण आडवं लोड वाढलं की शिखर आणखी सरकतं.

दुसरा हिशोब: दोन्ही पायांना हिंज

आता अज्ञात चार, एक जास्तीचा. इथून पुढे कोण किती कडक आहे ते पाहावं लागतं. हार्डी क्रॉस यांनी १९३० साली मांडलेली मोमेंट डिस्ट्रिब्युशनची पद्धत इथे सगळ्यात सुटसुटीत, आणि फ्रेम सममित असेल तर फेऱ्याही माराव्या लागत नाहीत.

युक्ती अशी: लोडचे दोन भाग पाडा. उभं लोड सममित आहेच. ब वरचे १२ केएन म्हणजे दोन्ही कोपऱ्यांवर उजवीकडे ६-६, अधिक ब ला उजवीकडे ६ आणि क ला डावीकडे ६. ही दुसरी जोडी फक्त बीमला दाबते, कुणाला वाकवत नाही.

सममित भाग. कोपरे फिरूच दिले नाहीत तर बीमच्या टोकांना फिक्स्ड एंड मोमेंट २० × ३६ ÷ १२ = ६०. आता कोपरे सोडा. दोन्ही टोकं सारखीच पण उलट फिरतात, तेव्हा बीमचा स्टिफनेस, म्हणजे फिरायला होणारा विरोध, २ईआय ÷ ६ = ०.३३३ ईआय. पायाशी हिंज असलेल्या कॉलमचा ३ईआय ÷ ४ = ०.७५ ईआय. कॉलमचा वाटा ०.७५ ÷ १.०८३ = ०.६९२. कोपऱ्यावर ६० × ०.६९२ = ४१.५, बाहेरची बाजू ताणात. कॉलमचा शिअर ४१.५ ÷ ४ = १०.४, म्हणजे दोन्ही पाय बाहेर सरकू पाहतात आणि जमीन त्यांना आत ढकलते.

झुकणारा भाग. प्रत्येक कॉलमवर ६ केएन, उंची ४ मीटर, पायाला शून्य, म्हणून डोक्याला २४. इथे स्टिफनेस लागतच नाही. उभ्या रिॲक्शनमध्ये ४८ ÷ ६ = ८ चा फरक.

एकत्र करू. ब: −४१.५ + २४ = −१७.५. क: −४१.५ − २४ = −६५.५. उभ्या रिॲक्शन ५२ आणि ६८, पहिल्या हिशोबातल्याच. आडव्या: अ ला ४.४ उजवीकडे, ड ला १६.४ डावीकडे. १२ + ४.४ − १६.४ = ०, ताळा बसला. बीमच्या मध्यातला सर्वांत मोठा मोमेंट −१७.५ + ६७.६ = ५०.१.

मघाशी तिथेच ११५.६ होते. लोड तेच, उभ्या रिॲक्शनही त्याच. ड चा पाय सरकायचा थांबला एवढंच झालं, आणि बीमच्या तळाचं स्टील निम्म्यावर आलं. उलट बाजूने वाचलं तर हीच गोष्ट घाबरवणारी आहे. हिंज धरून डिझाइन केलं आणि पाय प्रत्यक्षात सरकला, तर बीमच्या तळाशी लागणारी निम्मी सळई तिथे नाही.

तिसरा हिशोब: दोन्ही पाय फिक्स

सममित भागात आता कॉलमचा स्टिफनेस ४ईआय ÷ ४ = १.० ईआय. वाटा १ ÷ १.३३३ = ०.७५. कोपऱ्याला ६० × ०.७५ = ४५, आणि त्याचा अर्धा, २२.५, कॅरी ओव्हर होऊन पायाशी, विरुद्ध फेसला. शिअर ६७.५ ÷ ४ = १६.९.

झुकणाऱ्या भागात प्रत्येक कॉलमवर ६ केएन. कोपरा फिरला नाही असं धरलं तर वर-खाली सारखेच, ६ × ४ ÷ २ = १२. कोपरा सोडल्यावर बीमचा स्टिफनेस ६ईआय ÷ ६ = १.०, आणि मोकळेपणाने झुकणाऱ्या कॉलमचा ईआय ÷ ४ = ०.२५, कॅरी ओव्हर उणे एक. कॉलमचा वाटा ०.२, म्हणजे २.४. डोक्याला १२ − २.४ = ९.६, पायाला १२ + २.४ = १४.४. बेरीज २४, म्हणजे ६ × ४. बरोबर.

खालचे मोमेंट केएन-मीटरमध्ये, बलं केएनमध्ये:

| | रोलर | हिंज | फिक्स |
|---|---|---|---|
| अ मोमेंट | ० | ० | +८.१ |
| ब मोमेंट | +४८ | −१७.५ | −३५.४ |
| बीमच्या मध्यात सर्वांत मोठा | +११५.६ | +५०.१ | +४५.३ |
| क मोमेंट | ० | −६५.५ | −५४.६ |
| ड मोमेंट | ० | ० | +३६.९ |
| डाव्या, उजव्या कॉलमचा शिअर | १२, ० | ४.४, १६.४ | १०.९, २२.९ |
| डाव्या, उजव्या कॉलमचं ॲक्सियल | ५२, ६८ | ५२, ६८ | ५६.८, ६३.२ |
| बीमचं ॲक्सियल (दाब) | ० | १६.४ | २२.९ |

कॉलमच्या ॲक्सियलमध्ये कॉलमचं स्वतःचं वजन धरलेलं नाही. पायाशी आणखी १०.४ केएन मिळवा.

या तक्त्याची एक झटपट चाचणी आहे. २० × ३६ ÷ ८ = ९०. बीमच्या बरोब्बर मधोमधचा मोमेंट आणि दोन्ही टोकांच्या मोमेंटची सरासरी यातलं अंतर नेहमी ९० च असणार, सपोर्ट काहीही असो. फिक्सला मधोमध ४५.०, टोकांची सरासरी −४५.०. हिंजला ४८.५ आणि −४१.५. रोलरला ११४ आणि +२४. सॉफ्टवेअरच्या कुठल्याही बीमवर हे करून पाहा. अंतर जमलं नाही तर बीमवर तुम्हाला वाटतंय ते लोड बसलेलं नाही.

पुण्याच्या जमिनीत नेमका कुठला सपोर्ट?

टेकड्यांच्या पायथ्याला, पाषाणसारख्या भागात, थोडं खणलं की बेसॉल्टचा कातळ लागतो. नदीकाठच्या आणि मांजरीकडच्या पट्ट्यात वर काळी माती, खाली मुरूम. पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी काळी माती फुटिंगला फिरण्यापासून रोखेल यावर विसंबू नये.

आकड्यात बघू. फुटिंग १.५ × १.५ मीटर, ४०० मिमी जाड. सॉइल रिपोर्टमध्ये सबग्रेड मॉड्युलस (जमीन दबायला किती विरोध करते तो आकडा) समजा ४०,००० केएन प्रति घनमीटर आहे. फुटिंगचा आय १.५ चा चौथा घात भागिले १२ = ०.४२, तेव्हा फिरण्याविरुद्धची स्प्रिंग सुमारे १६,९०० केएन-मीटर प्रति रेडियन. आपल्या कॉलमचं ४ईआय ÷ ४, एम२५ काँक्रीटसाठी, सुमारे ४३,७००. जमिनीची स्प्रिंग कॉलमच्या निम्मीसुद्धा कडक नाही. म्हणजे हा पाया फिक्सही नाही आणि हिंजही नाही.

शिवाय फिक्स धरलं की तो मोमेंट फुटिंगने झेलायला हवा. नुसत्या उभ्या लोडला फुटिंगच्या तळाशी मोमेंट २२.५ + १६.९ × ०.४ = २९.३. वजन ६० + कॉलम १०.४ + फुटिंग २२.५ + वरची माती ४० = १३३. इक्सेन्ट्रिसिटी, म्हणजे मोमेंट भागिले वजन, ०.२२ मीटर. मर्यादा रुंदीच्या सहाव्या भागाची, ०.२५. कसंबसं बसलं. आडवं लोड आलं की ड ला ३६.९ + २२.९ × ०.४ = ४६.१, वजन १३६, इक्सेन्ट्रिसिटी ०.३४. फुटिंगची आतली कड उचलली जाते, आणि ज्या फिक्सिटीवर हिशोब उभा होता तीच ढिली पडते. तेव्हा एक तर फुटिंग मोठं करा, नाहीतर जमिनीलगतच्या प्लिंथ बीमने कॉलम बांधून घ्या, नाहीतर हिंज धरा.

छोट्या कामात आमचा सल्ला साधा आहे: हिंज आणि फिक्स दोन्ही चालवा, आणि प्रत्येक सेक्शनला दोहोंतला मोठा मोमेंट घ्या. कोपरा हिंजवरून, पाया फिक्सवरून. स्टील थोडं वाढतं, पण स्प्रिंगच्या आकड्यावर वाद घालत बसावं लागत नाही. मात्र हिंज धरलात तरी आडवे १६.४ केएन जमिनीला द्यायचेच आहेत. फुटिंगचं घर्षण, मातीचा अडसर किंवा टाय बीम, यांपैकी कोण ते घेणार हे ड्रॉइंगवर दिसलं पाहिजे.

कॉम्बिनेशन

वरचे सगळे आकडे फॅक्टर न लावलेले आहेत. फिक्स पाया धरून तीन कॉम्बिनेशन, म्हणजे फॅक्टर लावलेल्या लोडच्या बेरजा, करून पाहू. भूकंप म्हणून तेच ठळक केलेले १२ केएन. डेड लोड १६ असल्याने त्याचा कोपऱ्याचा मोमेंट ३६ आणि पायाचा १८.

१.५ पट (डेड + लाइव्ह): कोपरा ६७.५, पाया ३३.८. १.५ पट (डेड + भूकंप): कोपरा (३६ + ९.६) × १.५ = ६८.४, पाया (१८ + १४.४) × १.५ = ४८.६. कोपऱ्याला फारसा फरक नाही, पायाला जवळपास दीडपट. "एक मजला तर आहे, भूकंप कशाला" असं म्हणणारा माणूस कोपरा बघत असतो, पाया नाही.

तिसरं, ०.९ डेड आणि १.५ भूकंप, बरेचदा गाळलं जातं. अ ला १६.२ − २१.६ = −५.४. खूण बदलली. उभ्या लोडला जिथे आतला फेस ताणात होता, तिथे आता बाहेरचा. म्हणून कॉलमला दोन्ही फेसला सारखं स्टील, आणि आडवं लोड डावीकडून तसं उजवीकडूनही लावायचं. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप पुण्यातही जाणवला होता. धक्का कुठल्या बाजूने यायचा हे आधी ठरलेलं नसतं.

आणखी एक खाच. भूकंपाच्या ॲनालिसिससाठी आयएस १८९३ (२०१६) तडे गेलेला सेक्शन धरायला सांगतं: कॉलमला ग्रॉस आयच्या ७० टक्के, बीमला ३५ टक्के. बीम कॉलमच्या निम्मा होतो आणि वाटणी बदलते. आपल्या उभ्या लोडचा कोपऱ्याचा मोमेंट ४५ वरून ५१.४ वर जातो, बीमच्या मधला ४५ वरून ३८.६ वर येतो. बेरीज अर्थात ९० च.

सॉफ्टवेअरमध्ये कुठे घसरतं

स्वतःचं वजन दोनदा लागतं किंवा लागतच नाही. ईटॅब्समध्ये डेड पॅटर्नला सेल्फ वेट मल्टिप्लायर मुळातच १ असतो, त्यावर आपण बीमचे १.८७ पुन्हा घातले तर दुप्पट. स्टॅडमध्ये आज्ञा दिल्याशिवाय वजन येत नाही. ओळखायची खूण सोपी: उभ्या रिॲक्शनची बेरीज हाताने काढलेल्या एकूण वजनाशी जुळते का? आपल्या उदाहरणात १२०, कॉलमसकट १४०.७. मोमेंटची रंगीत आकृती बघायच्या आधी ही बेरीज बघा.

स्टॅडमध्ये फिरण्याची स्प्रिंग प्रति अंश द्यायची असते, प्रति रेडियन नाही. वरचे १६,९०० तसेच टाकले तर पाया सत्तावन्न पट कडक होतो आणि उत्तर फिक्ससारखं येतं. द्यायचा आकडा १६,९०० ÷ ५७.३, म्हणजे साधारण २९५. चूक हाताला लागत नाही, कारण उत्तर दिसायला अगदी रास्त असतं.

मेंबर एंड फोर्सेसच्या तक्त्यात दुसऱ्या टोकाच्या खुणा उलट दिसतात. ते बल मेंबरच्या लोकल अक्षात आणि टोकावर लागणारं म्हणून छापलेलं असतं. सळईची बाजू तिथून ठरवू नका, वाकलेल्या फ्रेमचं कागदावरचं चित्र समोर ठेवा. बीम-कॉलमचा नोड एकच आहे ना, की मिलिमीटरभर अंतरावर दोन पडलेत, हेही बघा. दोन असतील तर डिफ्लेक्शनची आकृती मोठी करून पाहिल्यावर कोपरा उघडा पडलेला दिसतो.

आकडे सळईपर्यंत नेताना

हिशोब मध्यरेषेवर केला, पण कॉलम ४५० मिमी रुंद आहे. एकसंध ओतलेल्या जॉइंटला काँक्रीटचं मानक आयएस ४५६ मोमेंट कॉलमच्या फेसला घेऊ देतं. फिक्सच्या हिशोबात क चा फेस ब पासून ५.७७५ मीटरवर: −३५.४ + ५६.८ × ५.७७५ − १० × ५.७७५ × ५.७७५ = −४०.९. मध्यरेषेवर ५४.६ होते, म्हणजे चौथाई मोमेंट कॉलमच्या पोटातच मुरला. शिअर फेसपासून आणखी एका इफेक्टिव्ह डेप्थवर (दाबाच्या कडेपासून ताणाच्या सळईपर्यंतची खोली), ४०० मिमी आत, ६३.२ चा ५०.७ होतो. रिंगांचं अंतर यावर काढा. हिंजचा हिशोब धरला असेल तर फेसची वजाबाकी त्याच आकड्यांवर पुन्हा करायची.

मोमेंट खूण बदलतो ती जागा क पासून फिक्सला १.०३ मीटर, हिंजला १.१६ मीटर. वरची जादा सळई त्यापुढे किमान इफेक्टिव्ह डेप्थइतकी न्यायची: १.१६ + ०.४० = १.५६ मीटर, मध्यरेषेपासून. साइटवर फिटर फेसपासून स्पॅनच्या पाव भागावर, १.५ मीटरवर तोडतो, म्हणजे मध्यरेषेपासून १.७२. चालतं. पण हाच फिटर पाव भाग कॉलमच्या बाहेरच्या कडेपासून मोजायला लागला की सळई मध्यरेषेपासून जेमतेम १.२८ मीटरवर संपते. म्हणून ड्रॉइंगवर "फेसपासून" असं लिहून बाण काढा.

कोपऱ्याची बाहेरची बाजू ताणात आहे आणि वर दुसरा कॉलम नाही, तेव्हा बीमच्या वरच्या सळया कॉलमच्या बाहेरच्या फेसला वळवून खाली उतरवायच्या. एम२५ काँक्रीट आणि एफई५०० सळईला डेव्हलपमेंट लेंग्थ (सळई निसटू नये म्हणून काँक्रीटमध्ये रुतायला लागणारी लांबी) व्यासाच्या ४८.५ पट, १६ मिमीला ७८० मिमी. बीमच्या तळाशी कॉलमचं काँक्रीट आधीच ओतून झालेलं असलं, तर ही सळई खाली जायला वाटच उरत नाही आणि ती ४५० मिमीच्या बीममध्येच दुमडली जाते. कॉलम ओतायच्या आधी वरचा बाहेरचा कोपरा तपासा.